अस्वलाचा घसा

बालवाडीच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावलीत.
खिडकीबाहेर रिओनी नदी, बर्फातून काळी वाहणारी.
आत शिजत्या राजम्याचा वास, आणि ओल्या लोकरी मोज्यांचा.
शेगडीजवळ एकोणीस मुलं.

पडदा म्हणजे माझ्या आईची चादर,
मधोमध इस्त्रीनं करपलेली.
त्या डागाला आम्ही चंद्र म्हणतो.
पंधरा वर्षं उगवलाय, मावळायचं नाव नाही.

उजव्या हातात कोल्हीण, ती माझीच.
डाव्या हातात आज अस्वल आहे.
ते ओतियाचं. त्याच्या पंजाच्या मापानं शिवलेलं,
माझी बोटं आत सैल पडतात,
अस्तराला अजून त्याच्या तंबाखूचा वास.

ओतिया ऑगस्टपासून पोलंडमध्ये,
गोठवलेल्या माशांचा ट्रक चालवतो.
रविवारी फोनवर विचारतो, अस्वल कसं आहे?
मी सांगते, पेटीत झोपलंय.

खोटं. गोष्टच अशी आहे की त्याला झोप लागत नाही.
सगळं रान झोपतं, बर्फ पडत राहतो,
आणि हे आपलं दारोदार विचारत फिरतं,
माझी झोप पाहिली का कुणी?
ओतिया हे म्हणायचा तेव्हा
पुढच्या रांगेतली मुलं पोटाला हात लावून बघायची.
तिथं ऐकू यायचं ते.

मी खोल श्वास घेतला, पार तळघरापर्यंत उतरले,
आणि हाती लागली एक किरटी करकर.

मोठी माणसं अशा वेळी खोकतात, घड्याळ बघतात.
मुलं नुसती बघत राहतात.

"हे ते अस्वल नाहीये," दुसऱ्या रांगेतून कुणीतरी.
गेल्या वर्षीचं पाहिलेलं असणार.
माझा हात थरथरला, म्हणजे अस्वल थरथरलं.
कोल्हीण गप्प; तिला पाठ केलेलं सोडून काही येत नाही.
मग मीच, काहीतरी बोलायचं म्हणून,
"घसा बसलाय माझा."

"कुठे बसलाय?"
केतो. चार वर्षांची, बाह्या काखेपर्यंत सरकवलेल्या.
"उठवा ना मग त्याला!"

त्यानंतर नाटक माझं राहिलं नाही.
एकोणीस जण घसा शोधायला उठले.
शेगडीमागे नाही. कोटांच्या खिशांत नाही.
बाद्रीनं दाराशी जाऊन आपल्याच बुटांत डोकावून पाहिलं,
दोन्ही बुटांत, नीट.
स्वयंपाकीण मझिया, जिला कधी हसताना पाहिलं नाही,
डाव उगारून म्हणाली,
माझ्याकडे बसायला जागाच नाही, दुसरीकडे बघा.

केतो पडद्यापाशी आली.
अस्वलाच्या तोंडाला डोळा लावला.
आत माझी दोन बोटं होती,
एकावर भाजल्याची खूण.
ती तिला दिसली. मला ठाऊक आहे, दिसली.
वळून तिनं सगळ्यांना सांगितलं,
"आहे. आत बसलाय. लहान आहे अजून."

मग सगळेच हळू बोलू लागले.
त्या किरट्या आवाजातच अस्वलानं विचारलं,
माझी झोप पाहिली का कुणी,
आणि कुणीतरी पायातला मोजा काढून दिला.
गोष्टीत झोप शेवटी एका ढोलीत सापडते.
आज आम्ही ढोलीपर्यंत पोचलोच नाही.
मोज्यात अस्वलाचं डोकं बरोबर मावलं.

चादरीची घडी घातली, चंद्र आतल्या बाजूला.
मोजा न्यायला कुणी आलं नाही.
रविवारी तो विचारेल,
काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

व्हॅनची काच खरवडताना पाहिलं,
फाटकापाशी कुणाची तरी आई ओरडत होती
आणि तिच्या पुढे, एक बूट हातात धरून,
बर्फातून लंगडी घालत कुणीतरी घरी चाललं होतं.